अकराच्या पुढची शांतता

गज्या, तुझ्या पोरीने, कोमलने, मला चार ओळी मागितल्या आहेत. ‘सहावं बोट’ बँडची तू केलेली जुनी रेकॉर्डिंग आता सीडीवर येणार आहे, सोबत छोटी पुस्तिका, त्यात तुझ्याविषयी छापायच्या. तीन दिवस झाले, बसतो, लिहितो, खोडतो. जन्मभर पोरांना ‘थोडक्यात उत्तरे लिहा’ म्हणून सांगितलं आणि माझ्यावर पाळी आली तर हे असं. तू असतास तर म्हणाला असतास, “मास्तर, तुह्यानं थोडक्यात नाई होत. तू लिह्य, मी कापतो.”

आता कापायला तू नाहीस. म्हणून त्या चार ओळी नंतर, आधी हे. तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे आणि पुस्तिका छापायला जायच्या आत ती सांगितली नाही तर माझं काही खरं नाही. नागपूरच्या त्या कार्यक्रमात, ऐन शांततेत, कोण ओरडलं होतं? पंचवीस वर्षं आपण यावर भांडलो. चहावर भांडलो, लग्नांत भांडलो, माझ्या पोरीच्या बारशाला भांडलो. तू म्हणायचास मी, मी म्हणायचो तू. दरवेळी मीच जिंकायचो, कारण तू स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतंस, आणि तेही बँडसमोर.

तू नव्हतास ना ओरडला. मी ओरडलो होतो. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

आता नीट सांगतो, कारण ही पुस्तिका वाचणाऱ्या पोरांना आपण कोण ते कुठे ठाऊक असणार.

आपली ओळख शाळेच्या गॅदरिंगला झाली. मी सिंदी मेघेच्या शाळेत नवीनच लागलो होतो, गणिताचा मास्तर, इस्त्रीची पँट, खिशाला दोन पेन. तू बोरगाव मेघेहून टेम्पोत साउंडचे बॉक्स टाकून आला होतास आणि स्टेजवर वायरी ओढत होतास. मुलींचं समूहगीत सुरू व्हायचं होतं. त्याआधी बॉक्स तपासायचे म्हणून तू एक कॅसेट लावलीस. मुख्याध्यापक धावत आले, “अहो, बंद करा ते, मशीन बिघडली तुमची!” मशीन धड होती. ते नागपूरच्या सहावं बोट बँडचं ‘मालधक्का’ होतं, आणि अख्ख्या वर्ध्यात ती कॅसेट फक्त माझ्याकडे आहे अशा तोऱ्यात मी होतो. मी स्टेजपाशी येऊन म्हणालो, “हे सात मात्रांत चालतं.” तू दातात धरलेली वायर काढलीस, मला खालून वर पाहिलंस आणि म्हणालास, “मोजता येते का तुले?”

पहिल्याच भेटीत मास्तरला अरेतुरे! मला भयंकर राग आला. संध्याकाळी मी तुझ्या दुकानात खोक्यावर बसून चहा पीत होतो.

प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे काय, हे मी घरी आजवर कोणाला समजावू शकलो नाही. बायको म्हणते, “गाणं आहे का गाडीचं टाइमटेबल?” तिचंही अगदीच चूक नाही. एकेक गाणं वीस-बावीस मिनिटांचं. पाचात सुरू होतं, सातात जातं, मधेच सगळे थांबतात आणि नुसता ऑर्गन वाजत राहतो. नाचता येत नाही, अंघोळ करताना गुणगुणताही येत नाही. ‘मालधक्का’त तर शब्दच नाहीत. शंटिंगच्या वेळी मालगाडीचं जे काय होतं ते सगळं त्यात आहे. डबे सरकतात, भिडतात, इंजिन सुटून निघून जातं. मग चौदाव्या मिनिटाला पार शांतता. कॅसेटवर ती अकरा मोजेपर्यंत टिकते आणि बाराव्याला बबलूचा ड्रम पडतो. त्या अकरा आकड्यांसाठी आपण ती कॅसेट किती वेळा उलटसुलट केली असेल, गज्या. फीत झिजून तिथे खरखर यायला लागली होती.

तू तर ती लग्नांतही सोडायचा नाहीस. आष्टीचं ते लग्न आठवतं का? मांडवात बॉक्स तपासायला तू ‘मालधक्का’ लावलंस. शांतता आली तसा जनरेटरवाला धोतर सावरत पळाला, त्याला वाटलं लाइनच गेली. नवरीचे मामा तुझ्यावर धावून आले, “काय लावून राह्यला बे? सनई लाव ना!” तू हात जोडून म्हणालास, “मामा, अकरा मोजा फक्त.” आणि त्या भल्या माणसाने खरंच मोजले. बाराव्याला ड्रम पडला तेव्हा तो दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला, “अजून एकडाव लाव.” तू हा किस्सा सांगताना मामांचा आवाज काढायचास आणि दरवेळी स्वतःच आधी हसायचास.

नागपूरला कार्यक्रम असला की आपण दुपारच्या पॅसेंजरने निघायचो. आपले काही नियम होते. शेवटचा आवाज पार विझेपर्यंत टाळी नाही. शांततेत खोकला नाही, खुर्ची हलवायची नाही, शेजारच्याने हलवली तर डोळे वटारायचे. वटारायचं काम माझं, मला शाळेची सवय. तू तिसऱ्या रांगेच्या मधोमध बसायचास, कारण आवाज तिथे नीट जुळतो, आणि मी तुझ्या डावीकडे. तुझ्या मांडीवर रेकॉर्डर, दोन छोटे माइक शर्टाच्या दोन खांद्यांना पिनांनी टाचलेले. बाकी कोणाला रेकॉर्डिंगची परवानगी नव्हती, तुला होती. एकदा त्यांच्या कीबोर्डमधून घूं असा आवाज येत होता आणि त्यांच्या माणसाला काही सापडेना. तू इमारतीच्या मागे गेलास, अर्थिंगच्या खड्ड्यात मिठाचं पाणी ओतलंस आणि घूं बंद झाली. त्या दिवसापासून कीबोर्डवाला शिरीषदादा तुला नावाने हाक मारायला लागला.

कार्यक्रमानंतर तू प्रत्येक कॅसेटच्या कागदावर बारीक अक्षरात लिहायचास, कोणत्या बाजूला काय आवाज आहे ते. ‘उजवीकडे कूलर, डावीकडे मास्तर.’ मी चिडायचो, “मी काय आवाज करतो रे?” तू म्हणायचास, “तू मोजते ना तोंडात. पुटपुट येते.”

आणि आपलं ते न संपणारं भांडण. मी म्हणायचो, चांगला बँड तो, जो कॅसेटवर वाजवलं तसंच्या तसं स्टेजवर वाजवतो. मी घरी मोजून ठेवलेलं असायचं, तिथे ताडून पाहायचो, आणि जुळलं की मला गणित सुटल्याचं सुख मिळायचं. तू म्हणायचास, “मंग घरीच बस ना. तिकीट काऊन काढलं?” तुला ते चुकले की आनंद व्हायचा. गिटारची तार तुटली आणि शिरीषदादाने चार मिनिटं एकट्याने किल्ला लढवला, तर परतीच्या गाडीत तू तेच सांगत बसायचास. तुझं म्हणणं, समोर माणसं बसली आहेत हे वाजवण्यात ऐकू आलं पाहिजे, नाहीतर मशीन काय वाईट. मी म्हणायचो, हा भोंगळपणा झाला. तू म्हणायचास, “भैताड आहे तू.” एवढ्या वर्षांत दोघंही एक इंच हललो नाही.

मग तो कार्यक्रम आला. थंडीचे दिवस, संध्याकाळची वेळ, हॉल गच्च. सुरू व्हायच्या आधी शिरीषदादा तुझ्यापाशी येऊन म्हणाला होता की आजची तुझी रेकॉर्डिंग चांगली आली तर तीच त्यांची पहिली लाइव्ह कॅसेट म्हणून काढायची, त्यावर तुझं नाव घालायचं. तुझे कान लाल झाले होते. तू दोनदा नव्या बॅटऱ्या टाकल्यास. मला म्हणालास, “मास्तर, आज पुटपुट बी नको.” मी म्हणालो, “मला सांगतोस?”

‘मालधक्का’ सुरू झालं. असं त्यांनी आधी कधी वाजवलं नव्हतं, हे मी आज कबूल करतो, तेव्हा केलं नव्हतं. इंजिन सुटून गेलं आणि शांतता आली. मी शालीखाली बोटांवर मोजायला लागलो. नऊ, दहा, अकरा. बबलूचे हात वर होते. बारा झाले, हात वरच. तेरा. मला वाटलं, झालं, बबलू चुकला! मोजदाद हरवली त्याची, आता सगळ्यांसमोर लाज जाणार, आणि तुझी कॅसेटही जाणार. चौदा झाले आणि माझ्या तोंडून निघालं,

“हान ना बे!”

अख्खा हॉल हसला आणि बबलूने ड्रम हाणला. पुढची आठ मिनिटं त्यांनी काय वाजवलं, मला काहीही आठवत नाही.

बबलू चुकला नव्हता. त्या दिवशी त्यांनी शांतता एकवीसपर्यंत ताणायची ठरवलं होतं. सातात चालणारं गाणं, तीन साती एकवीस. हे मुलांनाही सुचलं असतं, आणि मी गणिताचा मास्तर! तिथल्या साध्या प्रेक्षकाला काहीच वाटलं नसतं, तो गप बसून राहिला असता. ज्याने ती कॅसेट झिजेपर्यंत ऐकली, ज्याला अकरा पाठ, तोच ओरडणार. असली चूक करायला पक्का चाहताच लागतो.

कार्यक्रम संपल्यावर शिरीषदादा घामाने थबथबलेला तसाच खाली आला. “कोण होतं ते?” त्याने विचारलं. मी तोंड उघडलं होतं, गज्या. खरंच उघडलं होतं. पण तू वायर गुंडाळता गुंडाळता, मान वर न करता म्हणालास, “मीच होतो दादा. राह्यवलं नाई.” शिरीषदादा म्हणाला, “गजानन, तू तर साउंडचा माणूस आहेस ना?” आणि गेला. मी तोंड मिटलं.

परतीच्या गाडीत, सेलू गेल्यावर, तू विचारलंस, “मास्तर, काऊन ओरडला बे?” आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, “मी कुठे? तूच तर म्हणालास, मी होतो म्हणून.” तू माझ्याकडे पाहिलंस, नंतर हसायला लागलास. “हाओ बाप्पा, मीच,” म्हणालास आणि खिडकीबाहेर बघायला लागलास. मला वाटलं, चला, विषय संपला.

मला लाज वाटत होती. एवढंच कारण आहे, याहून मोठं काही शोधू नकोस. मी लोकांना खोकू न देणारा माणूस. माझ्या तोंडून ‘बे’ निघतं हेही मला कबूल करायचं नव्हतं, कारण शाळेत त्याच शब्दावरून मी पोरांना बाकावर उभं करायचो. आणि पहिल्या दिवशी बोललो नाही तर दुसऱ्या दिवशी बोलणं आणखी अवघड होतं. वर्षभरानंतर तर मी तो किस्सा रंगवून सांगायला लागलो होतो. गज्या कसा ओरडला, तुझ्या आवाजात, हातवारे करून. सगळे विश्वास ठेवायचे. तुझ्या वाक्यागणिक ‘बे’, आणि मी मास्तर. कोण म्हणणार की मास्तर ओरडला? तू मधेच म्हणायचास, “खोटं बोलून राह्यला हा, हाच ओरडलता,” आणि लोक आणखी हसायचे. मीही हसायचो.

पण तुझं काय गेलं, ते मला दिसत होतं. ती लाइव्ह कॅसेट निघाली नाही. त्यानंतर तुला रेकॉर्डर आत नेऊ दिला नाही. तू एकदाही तक्रार केली नाहीस, तिकीट काढून माझ्या शेजारी बसायचास, रिकाम्या मांडीवर हात ठेवून. बबलू बँड सोडून परदेशी गेला त्याच्या आधीच्या शेवटच्या कार्यक्रमात त्यांनी एकवीसची शांतता पुरी केली. हॉलमध्ये कोणी श्वास घेतला नाही. तू रडत होतास. बाहेर आल्यावर मी म्हणालो, “हे रेकॉर्ड व्हायला पाहिजे होतं यार.” तू माझ्याकडे एकदाच पाहिलंस आणि म्हणालास, “हो ना.” मी तेव्हा मरायला हवं होतं.

तरी तू मला त्या फसलेल्या कार्यक्रमाची कॉपी करून दिली होतीस. मी ती लावायचो, पण चौदाव्या मिनिटाला उठून पाणी प्यायला जायचो. कॉपी थोडी मंद होती. दोन्ही बॉक्समधून एकसारखाच आवाज यायचा, डावं-उजवं काही कळायचं नाही. मोनो म्हणतात तसं. मी तुला टोमणा मारला होता, “एवढा साउंडवाला, घरचा डेक सुधरव.” तू म्हणालास, “करतो करतो.” कागदावरही त्या वेळी काहीच लिहिलेलं नव्हतं, ना कूलर, ना मास्तर. मला वाटलं, नाराज असशील.

पुढे डीजेच्या बॉक्सपाशी उभं राहून राहून तुझा डावा कान गेला. मग मी उजवीकडे बसायला लागलो. दवाखान्यातही खाटेच्या उजवीकडेच बसलो होतो. ऑक्सिजनचा मास्क, तोंडाने बोलणं होत नव्हतं, तर तू खाटेच्या लोखंडावर बोटाने सात वाजवत होतास. मी मोजत होतो. मी ठरवून आलो होतो की आज सांगायचं. अगदी वाक्य जुळवून आलो होतो. तेवढ्यात नर्स आली, कोमल आली, डबा आला. मी म्हणालो, “उद्या सकाळी येतो गज्या, थोडं बोलायचं आहे.” तू मास्क बाजूला केलास. “येजो मास्तर,” म्हणालास.

सकाळी मी चप्पल घालत होतो आणि कोमलचा फोन आला.

तुझा राग येतो मला, खरं सांगतो. एक दिवस थांबला असतास तर काय बिघडलं असतं? पंचवीस वर्षं माझ्याकडे होती, हे मला कळतं. तरी येतो.

तेरवी झाल्यावर कोमलने मला दुकानात बोलावलं. आता सगळं तीच पाहते, चांगलं पाहते, टेम्पोही तीच चालवते. म्हणाली, “काका, शिरीषकाकांचा फोन आलता. त्यायले बाबांची ती रेकॉर्डिंग काढायची आहे, जशीच्या तशी. पुस्तिकेत लिहिणार आहेत की मधातली हाक बी बाबांचीच आहे. आता त्यायले राग नाई, उलट कौतुकानंच लिहून राह्यले.” म्हणजे आता ते छापून येणार होतं. तू कधीच न केलेली गोष्ट, तुझ्या नावासमोर, कायमची.

मग तिने कपाटातून डबा काढला. मूळ कॅसेट. मला ठाऊकच नव्हतं की ती तू ठेवली आहेस. कागदावर तुझं अक्षर होतं, ‘मालधक्का, अस्सल. उजवीकडे दार. डावीकडे मास्तर.’ मी तेच वाचत उभा होतो तोवर तिने कॅसेट लावली. चांगल्या बॉक्सांवर.

मी पाणी प्यायला उठलो नाही. इंजिन सुटून गेलं, शांतता आली. आणि डाव्या बॉक्समधून, फक्त डाव्या बॉक्समधून, मी ओरडलो. तरुण होतो, आवाज स्वच्छ होता, संशयाला जागाच नाही. आंधळ्यालाही कळावं की ओरडणारा माणूस माइकच्या डावीकडे बसला होता. आणि त्याच्या मागोमाग, हॉल हसायच्याही आधी, अगदी जवळून, दोन्ही बॉक्समधून तू हसलास. नाकातून, ‘हँ’ करून, तू हसायचास तसा. तुझी पहिली लाइव्ह कॅसेट त्या क्षणी गेली आणि तू हसत होतास.

मी कोमलला म्हणालो, “माझ्या कॉपीत हे असं डावं-उजवं येत नाही. बाबांचा डेक खराब होता तेव्हा.”

“नाई ना काका,” ती म्हणाली. “डेक एकदम चांगला होता. बाबांनी मुद्दाम मोनो करून देल्ती, ज्याले ज्याले देल्ती त्याले. अस्सल कोणालेच ऐकवली नाई, शिरीषकाकाले बी नाई. मी एकदा विचारलं, काऊन? तं म्हणे, स्टेरिओत मास्तर सापडते.”

मग ती पुढचं सांगायला लागली. शिरीषदादाने काही वर्षांनी तुला निरोप धाडला होता की तेवढी हाक काढून टाक, आपण कॅसेट काढू. शांततेतली हाक, गज्या! तुला दोन मिनिटांचं काम. हाक आणि मागचं हसू कापायचं आणि तेवढीच रिकामी फीत जोडायची. तू कळवलंस की निघत नाही. कोमलला मात्र म्हणालास, निघते, पण मंग तिथं कोणी बसलं होतं हेच कोणाले समजणार नाई.

मी तिच्यासमोर रडलो. ती घाबरली बिचारी, मला पाणी दिलं, पंखा वाढवला. पोरीला वाटलं, बाबांच्या आठवणीने. मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, “मले मालूम आहे ना काका. घरात सगळ्यायले मालूम आहे.” तुझ्या घरी पंचवीस वर्षं मी चहा पिऊन तो किस्सा सांगायचो, तुझ्या आवाजात, हातवारे करून. वहिनी हसून आणखी पोहे वाढायच्या.

काय माणसं आहात रे तुम्ही.

म्हणजे तू हरलेलं भांडण मुद्दाम हरत होतास, आणि मी जिंकल्याच्या थाटात घरी जात होतो. आणि ते दुसरं भांडण, कॅसेटसारखंच वाजवावं की नाही याचं, त्यातही तूच बरोबर होतास. आता मला कळतं की ती रेकॉर्डिंग मी आधी कधीच नीट ऐकली नव्हती. ती ऐकली आणि वाटलं, कॅसेटवरच्या अकरापेक्षा हे चौदा चांगले आहेत. त्यात हॉल आहे, दार आहे, तू आहेस. घे, हरलो. लिहून देतो, छापून देतो, आणखी काय पाहिजे तुले?

आज सकाळी मी शिरीषदादाला फोन केला. माझं नाव सांगितलं तर म्हणाला, “हो हो, गजाननचे मास्तर.” मी म्हटलं, “दादा, पुस्तिकेत एक दुरुस्ती आहे. ती हाक गजाननची नाही, माझी आहे. त्याने माझ्यासाठी अंगावर घेतली होती आणि मी घेऊ दिली. रेकॉर्डिंगसमोर फक्त त्याचं नाव छापा, हाकेसमोर माझं. आणि माझी एकच विनंती आहे, हाक कापू नका. कोमल अस्सल कॅसेट पाठवते आहे. डाव्या बॉक्समध्ये ऐका, तुम्हाला लगेच कळेल. नंतर दोन्ही बॉक्समध्ये ऐका, तो हसतो.”

पलीकडे एकदम शांत झालं. फोन कटला का म्हणून मी कानावरून काढून पाहिला, चालू होता. मी मोजायला लागलो, सवयच आहे. दहा झाले, अकरा झाले. माझ्या तोंडाशी शब्द आला होता, ‘बोला ना’. तेरा. चौदा झाले.

पंधरा. सोळा. मी थांबलो आहे, गज्या.